एका टर्मिनलची गोष्ट

'टर्मिनल' हा शब्द आपल्या व्यवसायात फारसा शुभ नाही. राउंडच्या वेळी तो कोणी उच्चारलाच, तर नातेवाइकांकडे पाठ करून, आवाज खाली आणून उच्चारतो. मी आज ज्या टर्मिनलविषयी लिहिणार आहे ते मात्र निराळे आहे. ते टेबलावर बसते. त्याला पडदा असतो, कीबोर्ड असतो, आणि स्वतःची बुद्धी जवळपास नसते. नव्वदच्या दशकात ज्यांनी रेल्वेच्या आरक्षण खिडकीसमोर रांगा लावल्या आहेत त्यांनी ते पाहिलेले आहे: काळा पडदा, त्यावर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे, आणि खिडकीपलीकडच्या बाबूच्या बोटांखाली खडखडणारा कीबोर्ड. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण दिल्लीत १९८५ साली सुरू झाले. खिडकीवर दिसे तो संगणक नव्हेच. संगणक दुसरीकडे कुठेतरी गार खोलीत असे. खिडकीवरच्या पेटीचे काम एवढेच, की कळ दाबली की त्या अक्षराचा आकडा तारेवर सोडायचा, आणि तारेवरून आकडा आला की त्याचे अक्षर काढून पडद्यावर दाखवायचे.

या जातीतील सर्वांत गाजलेले यंत्र म्हणजे अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९७८ साली आणलेले वीटी-१००. एका ओळीत ८० अक्षरे, अशा २४ ओळी. म्हणजे पडद्यावर एकूण १९२० घरे. हा ८० चा आकडा आला तो १९२८ सालच्या आयबीएमच्या भोके पाडलेल्या कार्डांवरून. त्या कार्डावर ८० उभे रकाने असत. यंत्रे जातात, रकाने राहतात. वीटी-१०० ला अक्षरांबरोबर हुकूमही देता येत. 'एस्केप' नावाचे एक न दिसणारे अक्षर आधी पाठवले, की पुढची दोनचार अक्षरे छापण्यासाठी नसून पाळण्यासाठी आहेत असे ते समजे: पडदा पुसणे, अमुक ओळीवर जाणे, ओळ दुप्पट उंचीची करणे, पडद्याच्या फक्त ठरावीक ओळीच वर सरकवणे. आजही लिनक्सवर काम करणारा तरुण जी काळी खिडकी उघडतो, ती आतून आपण वीटी-१०० चेच वंशज असल्याचे सोंग आणत असते.

हे सारे एका बालरोगतज्ज्ञ बाईने साठी जवळ येत असताना कशाला उकरून काढावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर म्हणजे नऊ वर्षांचा एक मुलगा. त्याच्या आईवडिलांच्या संमतीने लिहीत आहे. नाव मात्र मुद्दामच देत नाही.

हा मुलगा एका लहान गावी पूर्ण दिवसांचा जन्मला. तिसऱ्या दिवशी अंग पिवळे दिसू लागले. 'कोवळ्या उन्हात धरा' हा सल्ला मिळाला, आणि तोच दोन दिवस पाळला गेला. मोठ्या रुग्णालयात पोहोचला तेव्हा बिलिरुबिन ३४ होते. रक्तबदल झाला, जीव वाचला. पुढचे चित्र येथील डॉक्टर वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगते, की नवजात बाळाच्या रक्तातील हे पिवळे द्रव्य हाताबाहेर वाढले तर ते मेंदूतल्या निवडक जागांवर घाला घालते. ग्लोबस पॅलिडस, सबथॅलॅमिक न्यूक्लियस, श्रवणाच्या मार्गावरची केंद्रे ही त्याची आवडती ठिकाणे. हालचालींवरचा लगाम सुटतो. हात नेऊ तिकडे जात नाही, वाटेत पिळवटतो. जीभ आणि ओठ शब्द घडवू देत नाहीत. उंच पट्टीचे आवाज नीट ऐकू येत नाहीत. आणि नजर वरच्या बाजूला उचलता येत नाही. मात्र ज्या भागात विचार चालतो तो पुष्कळदा शाबूत राहतो. कर्निक्टेरसचे सर्वांत क्रूर अंग मला हेच वाटते. मतिमंदत्वाचा शिक्का ज्यांच्यावर बसतो त्यांतली कितीतरी मुले आतून लख्ख जागी असतात, आणि ते सिद्ध करण्याचे साधनच त्यांच्यापाशी नसते.

याचेही तसेच झाले होते. आपल्या शहरातील एका शाळेने त्याला दोन वेळा प्रवेश नाकारला. कारण उघड सांगितले गेले: मुलाला समजते की नाही हेच कळायला मार्ग नाही, मग कोणत्या वर्गात बसवायचे? आईचे म्हणणे वेगळे होते. "अहो मॅडम, त्याला सगळं कळतं. मी कोथिंबीर विसरून आले तर हा माझ्या आधी पिशवीकडे बघतो." आईच्या निरीक्षणाला आपल्या शास्त्रात पुराव्याचा दर्जा नाही, हे आपल्या शास्त्राचे दुर्दैव. त्याच्या आजीने घरीच त्याला अक्षरे शिकवली होती. अक्षरांच्या तक्त्यावर डोळ्यांनी खूण करून तो लहानसहान शब्द सांगत असे. पण ते वाचणे फक्त आजीलाच जमे. त्यामुळे शब्द मुलाचे की आजीचे, ही शंका शाळेने घेतली. खरे सांगायचे तर ती शंका गैर नव्हती.

टॅबलेट आणून झाला होता. काचेच्या पडद्याला स्पर्श आणि दाब यांतला फरक कळत नाही. पिळवटत जाणारा हात इच्छित चित्रापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत चार चित्रे उघडत असे. वडिलांचा लॅपटॉपही झाला. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची सोय १९९५ पासून आहे. क्षणभराचे चुकार स्पर्श ती गाळून टाकते. सोय उत्तम आहे, आणि अशा मुलांच्या पालकांना मी ती आवर्जून सांगते. पण लॅपटॉपच्या कळा फारच हलक्या आणि उथळ, शिवाय एखाद्या चुकार जोडकळीने खिडक्या मिटतात, नव्या उघडतात, मध्येच अद्ययावत होण्याची सूचना येते. मुलाने अर्ध्या तासात जुळवलेली चार अक्षरे दिसेनाशी झाली की तो रडे, आणि रडला की सगळे अंग ताठ होई. नजरेच्या हालचालीवर चालणारी परदेशी यंत्रे याहून कितीतरी श्रेष्ठ आहेत यात शंका नाही. परंतु त्यांची किंमत या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती.

मला हवे होते ते असे यंत्र, ज्याला अक्षर उमटवण्याखेरीज दुसरे काहीही येत नाही. आणि तसे यंत्र जगाने एकदा बनवून, वापरून, अडगळीत टाकलेले होते.

माझे वडील टेलिफोन खात्यात होते. घरात सोल्डरिंगचा वास उदबत्तीइतकाच परिचयाचा. त्यामुळे हातात तापलेली इस्त्री धरण्याचे भय मला कधी वाटले नाही. प्रोग्रामिंगच्या बाजूला माझा भाचा होता. त्याचे पहिले वाक्य होते, "मावशी, हे सगळं टॅबलेटवर दहा मिनिटांत होईल." तो एकदा त्या मुलाकडे येऊन तासभर बसला, आणि पुन्हा टॅबलेटचे नाव त्याने काढले नाही.

पहिली वस्तू कीबोर्ड. टीव्हीएस कंपनीचा 'गोल्ड' नावाचा कीबोर्ड आपल्यापैकी अनेकांनी बँकेत, औषधांच्या दुकानात किंवा सरकारी कचेरीत ऐकलेला आहे. ऐकलेला म्हणते, कारण त्याची टकटक दिसण्याआधी ऐकू येते. बाकीचे स्वस्त कीबोर्ड रबराच्या एका पापुद्र्यावर चालत, यात मात्र प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंगचा खटका असे. माझ्याकडच्या जुन्या कीबोर्डात जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे खटके आहेत. कळ चार मिलिमीटर खाली जाते, साधारण निम्म्या वाटेवर बोटाला एक स्पष्ट अडथळा लागतो, तो ओलांडला की 'टक्' होते आणि अक्षर नोंदले जाते. त्यासाठी ५०-६० ग्रॅम जोर लागतो. ज्याच्या बोटांना स्वतःच्या जागेची खात्री नाही त्याला हा अडथळा फार मोलाचा. कळ दाबली गेली की नाही हे त्याला डोळ्यांनी पाहावे लागत नाही, बोटच सांगते. ऐकू कमी येत असले तरी तो झटका हाडात पोहोचतो. हा कीबोर्ड मला एका बंद झालेल्या औषधदुकानाच्या सामानात मिळाला. कळांमध्ये पंधरा वर्षांची धूळ आणि बहुधा एका क्रोसिनच्या गोळीचा चुरा होता. कळांच्या टोप्या काढून कोमट साबणपाण्यात धुतल्या. खटके एकूण एक शाबूत निघाले.

याला जुन्या पद्धतीचे, सहा टाचण्यांचे गोल पीएस/२ टोक आहे. आमच्या कामाला ते यूएसबीपेक्षा कितीतरी सोपे. चारच तारांना अर्थ आहे: वीज, जमीन, घड्याळ आणि माहिती. कळ दाबली की कीबोर्ड स्वतःच घड्याळाच्या तारेवर ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला माहितीच्या तारेवर एक बिट ठेवतो: आरंभाचा एक, माहितीचे आठ, विषम पडताळणीचा एक, शेवटचा एक, एकूण अकरा. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कळ दाबल्यावर एक संकेत येतो, आणि सोडल्यावर दुसरा. म्हणजे दाबणे आणि सोडणे यांमधला काळ मोजता येतो. नाडी मोजणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

मायक्रोकंट्रोलर म्हणून ईएसपी-३२ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१६ साली बाजारात आलेली चिप घेतली. काही शे रुपयांची ही चिप सेकंदाला २४ कोटी ठोक्यांनी चालते आणि तिच्यात दोन प्रोसेसर आहेत. वीटी-१०० च्या पोटात इंटेलचा ८०८० होता. त्याच्या मानाने हा ऐरावत. एक प्रोसेसर पडदा रंगवतो. दुसरा कीबोर्ड ऐकतो आणि पूर्वी दूरच्या गार खोलीतला संगणक जे करीत असे ते करतो. कीबोर्ड पाच व्होल्टचा आणि चिप ३.३ व्होल्टची, म्हणून दोघांमध्ये व्होल्टेज जुळवणारी एक छोटी पट्टी बसवावी लागते. ती वगळली तर चिप केव्हातरी दगावते.

पडद्यासाठी दवाखान्यातला निवृत्त मॉनिटर होता, जुन्या निळ्या व्हीजीए टोकाचा. ही व्यवस्था १९८७ ची. एका पडद्यात ६४० बाय ४८० ठिपके, सेकंदाला साठ वेळा. एका ठिपक्याच्या वाट्याला साधारण ४० नॅनोसेकंद येतात. चिपच्या पायांपासून मॉनिटरपर्यंत काही रेझिस्टर लावले की विजेचा दाब मॉनिटरला सोसेल एवढा खाली येतो, आणि ओळीचा व पडद्याचा असे दोन ठेके वेळेवर दिले की चित्र स्थिर होते. ठिपके वेळेवर पोहोचवण्याचे अवघड काम इटलीतील एका प्रोग्रामरने लिहून सर्वांसाठी खुले ठेवलेल्या 'फॅबजीएल' या संचाने केले. त्यात वीटी टर्मिनलचे हुकूमही तयार मिळतात. आम्ही रंग दोनच ठेवले. दोन रंगांत एका ठिपक्याला एक बिट पुरतो, सबंध पडदा ३८,४०० बाइट्समध्ये मावतो आणि चिपची बाकीची स्मृती मोकळी राहते. मुलाला हिरवी आणि नारिंगी अक्षरे दाखवली. त्याने नारिंगीकडे पाहिले.

येथपर्यंतचे काम चार रविवारांत झाले. मग देवनागरी आली.

इंग्रजी अक्षर म्हणजे एक घर, एक आकृती. टर्मिनलची सारी रचना या समजुतीवर उभी आहे. आपली लिपी तिला जुमानत नाही. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण वेलांटी उमटते ती क च्या आधी. 'क्र' मध्ये र खाली लोंबतो, 'र्क' मध्ये डोक्यावर जाऊन बसतो. 'स्त्री' या एका अक्षरासाठी सहा कळा लागतात. म्हणजे कळ दाबताच अक्षर छापून मोकळे होता येत नाही. अक्षर पुरे होईपर्यंत थांबावे लागते, आणि नवी कळ आली की आधीचे पुसून नव्याने जुळवावे लागते.

हा प्रश्न आपल्या देशात चाळीस वर्षांपूर्वी सुटलेला आहे, आणि येथे एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. आयआयटी कानपूर येथे ऐंशीच्या दशकाच्या आरंभी प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे विद्यार्थी मोहन तांबे यांनी देवनागरीत काम करणारे टर्मिनल घडवले. १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात ते मांडले गेले. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि तांबे यांच्या नेतृत्वाखाली तेथे या कामाला 'जिस्ट' हे नाव मिळाले. सी-डॅक म्हटले की आपल्याला 'परम' हा महासंगणक आठवतो. सामान्य माणसाच्या आयुष्यात अधिक खोलवर गेले ते जिस्ट, असे माझे मत आहे. इंग्रजीखेरीज काही न समजणाऱ्या संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की तेच जुने प्रोग्राम भारतीय लिप्यांत बोलू लागत. मागची कल्पना साधी आणि खोल होती: भारतीय लिप्यांची रूपे निरनिराळी असली तरी वर्णमालेचा सांगाडा एकच आहे, तेव्हा साठवायचे ते रूप नव्हे, वर्ण. क म्हणजे क, मग तो शिरोरेघेखाली दिसो वा तिच्याविना. यातून 'इस्की' ही संकेतावली आली, १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. आज आपण फोनवर मराठीत निरोप लिहितो तेव्हा ही जुनी आखणीच वापरत असतो.

इनस्क्रिप्ट हा कीबोर्डही त्याच घराण्यातला, १९८६ पासूनचा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. क च्या कळीवरच शिफ्टने ख, ग च्या कळीवर घ. काही वाचातज्ज्ञ अशा मुलांसाठी वर्णमालेच्या क्रमाने कळा मांडायला सांगतात. सुरुवातीला ते सोपे जाते, हे खरे. पण हे मूल उद्या दुसऱ्या कोणत्याही संगणकापुढे बसले तर तेथे त्याला इनस्क्रिप्ट मिळेल, माझी खास मांडणी मिळणार नाही. म्हणून मी इनस्क्रिप्टवर अडून बसले.

वडोदऱ्याच्या मराठी घरांत या एकाच सांगाड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. घरात मराठी, अंगणापलीकडे गुजराती. सयाजीराव महाराजांच्या काळात १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश येथेच निघाला. आमच्या या मुलाची आजी मराठी शिकवते, शाळा मात्र गुजराती माध्यमाची मिळण्याजोगी होती. युनिकोडमध्ये देवनागरी क चा आकडा २३२५ आणि गुजराती क चा २७०९. फरक ३८४. ख, ग, घ, कोणतेही व्यंजन घ्या, फरक ३८४ चाच. तेव्हा भाच्याने एफ-१२ या कळीवर एक ओळीचा हुकूम लिहिला: पडद्यावर जे आहे त्यात ३८४ मिळव आणि पुन्हा रंगव. त्याच कळा, तेच शब्द, शिरोरेघ नाहीशी होऊन समोर गुजराती. यात एकच घर रिकामे निघाले. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला आपला ऱ गुजरातीत नाही. त्या जागी युनिकोडने कोणतेही अक्षर नेमलेले नाही. मराठीचा तेवढा एक दागिना सीमेवर उतरवून ठेवावा लागतो. तेथे आम्ही साधा र दाखवला.

अक्षरांच्या आकृत्या आम्ही चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी काढल्या. सारी जोडाक्षरे काढणे व्यर्थ होते. अर्धी व्यंजने, मात्रा, रफार आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध असे काही हट्टी गडी वेगळे काढले. बाकीची जोडाक्षरे पाय मोडून दाखवली. मुद्रणशास्त्राचे जाणकार नाक मुरडतील, पण वाचता येते.

आता वैद्यकाचा भाग. मुलाच्या हाताच्या निरनिराळ्या दिवशीच्या नोंदी चिपकडूनच घेतल्या. चुकार स्पर्श बहुतेक पाव सेकंदाच्या आत संपत. मनापासून दाबलेली कळ त्याहून बरीच जास्त वेळ खाली राही. म्हणून सुरुवातीला ६०० मिलिसेकंद दाबल्याखेरीज अक्षर घ्यायचे नाही असे ठरवले, पुढे ते ४०० वर आणले. कळ धरून ठेवली तर कीबोर्ड तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवतो. ते सारे पुनरुच्चार टाकून दिले. शिफ्ट धरून दुसरी कळ दाबणे त्याला अशक्य, तेव्हा शिफ्ट एकदा दाबली की पुढच्या अक्षरापुरती आपोआप धरलेली राहते. अक्षर स्वीकारले गेले की बारीक 'पी' ऐवजी ५०० हर्ट्झचा जाड सूर वाजतो आणि ते अक्षर क्षणभर उलट्या रंगात दिसते. नजर वर जात नाही, म्हणून मॉनिटर त्याच्या डोळ्यांच्या पातळीखाली, जवळजवळ मांडीपाशी कलता बसवला, आणि लिहिण्याची ओळ पडद्याच्या खालच्या भागात ठेवली. ठरावीक ओळीच सरकवणे आणि ओळ दुप्पट उंच करणे हे १९७८ चे दोन हुकूम येथे उपयोगी पडले. ते लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या मनात हे मूल नक्कीच नसणार.

कीबोर्डवर पाच मिलिमीटर जाडीची अॅक्रिलिकची पट्टी बसवली आहे; प्रत्येक कळीवर एक गोल भोक. नावाच्या पाट्या करणाऱ्या कारागिराने लेसरवर ती कापून दिली. हात पट्टीवर निवांत टेकतो, बोट भोकातून आत गेले तरच कळ दबते. हे 'की-गार्ड' फिजिओथेरपीच्या जगात जुनेच आहे. कळांवरची दोन लिप्यांतली अक्षरे आजीने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवली.

पहिले काही दिवस त्याने आपले नाव, आईचे नाव, पंख्याचे नाव लिहिले. अकराव्या दिवशी दुपारी, जेवायच्या वेळेला, बावीस मिनिटे खपून त्याने लिहिले: 'दहीभात नको'. गिळण्याचा त्रास म्हणून गेली सहा वर्षे त्याला दुपारी मऊ दहीभात भरवला जात होता, आणि तो त्याला फार आवडतो असे घरात सर्वांना ठाऊक होते. आईने विचारले, मग काय हवे? पुन्हा पंधरा मिनिटे. 'वरण तिखट'. आई मला फोनवर सांगत होती तेव्हा हसत होती, आणि मधेच तिला बोलता येईना.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना आम्ही घरी बोलावले. आजी आणि आई दोघीही स्वयंपाकघरात बसल्या, अशी अट आम्हीच घातली. टर्मिनलमधून निघालेली सीरियल तार मुख्याध्यापिकांच्याच लॅपटॉपला जोडली. प्रत्येक अक्षर आणि ते कधी उमटले याची वेळ तेथे आपोआप नोंदली जात होती. बाईंनी एक गोष्ट वाचून दाखवली आणि गुजरातीत पाच प्रश्न विचारले. दोन तास लागले. चौथ्या उत्तरात त्याने बाईंच्या प्रश्नातलीच एक विसंगती दाखवली: गोष्टीत बकरी दोन होत्या, प्रश्नात एक. बाई काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपल्या पुस्तकात पान उलटून पाहिले.

२०१६ च्या दिव्यांग अधिकार कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. तेव्हा प्रवेश हा उपकार नव्हता. तरीही हक्क मागणाऱ्याला आपली बाजू मांडता यावी लागते. या जूनपासून तो तिसरीत बसतो. दिवसातून दोन तास, वर्गाच्या शेवटच्या बाकाशेजारी, टर्मिनलसह. कळांच्या टकटकीची पहिल्या आठवड्यात तक्रार झाली. आता मुले त्या आवाजावरून त्याचे उत्तर पूर्ण झाले की नाही ते ओळखतात, असे वर्गशिक्षिका सांगतात.

सर्व मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आत झाला, कारण मॉनिटर आणि कीबोर्ड जवळजवळ फुकट मिळाले. आराखडा, प्रोग्राम आणि अक्षरांच्या आकृत्या आम्ही कोणालाही देतो. ज्या सभासदांच्या पाहण्यात अशी मुले असतील त्यांनी जरूर मागावे. सोल्डरिंग करून देण्याची जबाबदारी माझी. आणि कोणाच्या माळ्यावर गोल टोकाचा, खडखडणारा जुना कीबोर्ड पडला असेल तर कृपया भंगारवाल्याला देऊ नये. दुसरे टर्मिनल एका सात वर्षांच्या मुलीसाठी व्हायचे आहे, आणि तिच्यासाठी कीबोर्ड अजून मिळालेला नाही.

पहिल्यात सध्या एक अडचण आहे. वर्गात अपूर्णांक सुरू झाले आहेत. अंश वर, छेद खाली, मध्ये आडवी रेघ. टर्मिनलला हे येत नाही. गेल्या मंगळवारी त्याने '३ खाली ४' असे लिहून उत्तर दिले आणि पुढे, त्याच ओळीत, 'डॉक्टरमावशीला सांगा' असे जोडले. भाच्याला निरोप गेला आहे. रविवारी बसायचे ठरले आहे.